ग्रायंडरची चकती : कोणती घ्यायची, कशी बसवायची आणि गार्ड का काढायचा नाही

जालना, प्रतिनिधी : पूर्वी ग्रायंडर बघायचा म्हटलं तर वेल्डिंगच्या दुकानातच जावं लागायचं. आता तसं राहिलं नाही. गोठ्याचा सांगाडा, तार कंपाउंडचे अँगल, ट्रॅक्टरची अवजारं, ट्रॉलीचा फाळका, अशी बारीकसारीक कामं लोक घरच्या घरी काढतात. त्यामुळे चार इंची हँड ग्रायंडर बऱ्याच वस्त्यांवर आला आहे. मशीन घेताना आपण दोन-तीन दुकानं फिरतो, वॉरंटी विचारतो, वायर किती लांब आहे ते बघतो. चकती घेताना मात्र "दे रे एक कटिंगची" एवढंच म्हणतो. दुकानदार डब्यातून हाताला लागेल ती देतो आणि आपण ती खिशात घालून निघतो.

मशीन बिघडलं तर बंद पडतं. चकती बिघडली तर फुटते. आणि फुटते ती हातभर अंतरावर, तोंडासमोर. या मशीनने होणाऱ्या मोठ्या जखमा चेहरा, मान, हात आणि मांडीच्या असतात, त्याचं कारण हेच.

बाकी काही लक्षात राहो न राहो, एक खूण पक्की ठेवा. जी चकती बसवायला गार्ड काढावा लागतो, ती चकती त्या मशीनची नाही. चुकीच्या चकतीचे निम्मे प्रकार या एका खुणेवर ओळखू येतात.

आधी मशीनवरचा आकडा वाचा

मशीनच्या अंगावर एक पट्टी चिकटवलेली असते. तीवर चकतीचा व्यास आणि आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, हे लिहिलेलं असतं. चार इंची म्हणजे १०० मिलिमीटरचं मशीन साधारण ११,००० ते १२,००० आरपीएमचं असतं. सात इंची (१८० मिलिमीटर) सुमारे ८,५०० चं आणि नऊ इंची (२३० मिलिमीटर) सुमारे ६,५०० चं. मशीन जितकं मोठं, तितके फेरे कमी. बऱ्याच जणांना उलटं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

चकतीवरही आरपीएम छापलेला असतो. तो आकडा म्हणजे ती जास्तीत जास्त किती फिरवायची याची हद्द. चार इंची चकतीवर बहुतेक १५,३०० लिहिलेलं असतं, पाच इंचीवर १२,२५० च्या आसपास, सात इंचीवर ८,५०० आणि नऊ इंचीवर ६,६५० च्या आसपास. आकडे वेगळे दिसले तरी मुळात गोष्ट एकच आहे : चकतीची कड सेकंदाला ८० मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. ८० मीटर म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. तुकडा सुटला तर तो या वेगाने सुटतो, एवढं ध्यानात घ्या.

नियम सोपा आहे. चकतीवरचा आकडा मशीनवरच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त हवा. मशीन ११,००० चं आणि चकती १५,३०० ची, चालेल. मशीन ११,००० चं आणि चकती ८,५०० ची, अजिबात नाही. वेग वाढला की चकती फाडणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८,५०० ची चकती ११,००० वर फिरवली तर वेग वाढला तीस टक्क्यांच्या आत, पण जोर वाढला पासष्ट टक्क्यांच्या वर.

ज्या चकतीवर आरपीएम छापलेलाच नाही, ती फुकट दिली तरी घेऊ नका.

झिजलेली मोठी चकती लहान मशीनला

हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. फॅब्रिकेशनवाल्याकडे सात इंची चकती झिजून पाच इंचावर आली की ती त्याच्या कामाची राहत नाही, कोपऱ्यात पडते. मग कुणीतरी ती उचलून आणतो आणि गार्ड काढून चार इंची मशीनला लावतो. "मस्त चालती की" असंही सांगतो.

चालते, नाही असं नाही. झिजल्यामुळे कडेचा वेग कमी झाला, मग भीती कसली, असाही हिशोब काही जण मांडतात. पण भोक बघा. सात इंची चकतीचं भोक २२ मिलिमीटरचं, आणि चार इंची मशीनवर चकती बसते ती १६ मिलिमीटरच्या खांद्यावर. मधे सगळीकडून तीन-तीन मिलिमीटर मोकळं. नट आवळताना चकती एका बाजूला सरकते आणि तशीच आवळली जाते. मिनिटाला ११,००० फेरे फिरताना हे एवढंसं वाकडेपण मशीनला हादरे देतं, आणि हादरा बसणारी चकती कापताना पाइपात अडकते. ही चकती आधी किती वेळा खाली पडली, कशी वापरली, ओल्यात होती की कोरड्यात, यातलं काही आपल्याला माहीत नसतं. त्यात गार्ड काढलेला. मशीनसोबत जे माहितीपुस्तक मिळतं त्यात मोठ्या मशीनवरची झिजलेली चकती लहान मशीनला लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पुस्तक खोक्यातच राहतं ही वेगळी गोष्ट.

भोक मोठं असलं की काही जण सायकलची ट्यूब, पत्र्याची कडी किंवा कागदाची घडी घालून बसवतात. भोक लहान असलं की कानशीने वाढवतात. दोन्ही सारखंच वाईट. हिऱ्याच्या पात्यासोबत जी तयार कडी येते तेवढीच चालते. ती नीट मापाची असते.

लेबलवरची अक्षरं

चकतीवर ए ४६, ए ६०, ए २४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर दाण्याचं. ए म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, लोखंडासाठी. सी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, दगड आणि काँक्रीटसाठी. पुढचा आकडा दाण्याच्या बारीकपणाचा, आकडा मोठा तितका दाणा बारीक. शेवटी बीएफ असेल तर आत जाळी घातलेली आहे. कापायची चकती हातात धरून उजेडाकडे केली तर ही जाळी दिसतेसुद्धा. बिनजाळीची चकती हातातल्या ग्रायंडरला लावायची नसते. 'आयनॉक्स' लिहिलेली चकती स्टेनलेस स्टीलसाठी. दुधाचा कॅन, स्टीलची टाकी, हॉटेलचं टेबल असं काम असेल तर तीच घ्या. साध्या चकतीने स्टील कापता येतं, पण कडेला पुढे गंज धरू शकतो.

आता मुदत. चकतीला मुदत असते हेच पुष्कळांना माहीत नाही. दाणे एकमेकांना धरून ठेवतं ते एक राळेसारखं चिकट द्रव्य. ते हवेतला ओलावा ओढतं आणि हळूहळू कमजोर होतं. म्हणून अशा चकत्या बनल्यापासून तीन वर्षांच्या आत वापरायच्या असतात. चांगल्या चकतीवर मधल्या पत्र्याच्या कडीवर बारीक अक्षरात महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. कडीवर ०४/२०२७ असेल तर एप्रिल २०२७ नंतर ती वापरायची नाही. दुकानात घेतानाच कडी बघा. खताच्या पोत्यावरची तारीख आपण बघतो, बियाण्याच्या पिशवीवरची बघतो, मग इथे काय हरकत आहे?

कापायची वेगळी, घासायची वेगळी

कापायची चकती पातळ असते, १ ते ३ मिलिमीटर. घासायची जाड, साधारण ६ मिलिमीटर, आणि तिचा मधला भाग खोलगट असतो. कापायची चकती उभी चालवायची, मालाला काटकोनात. घासायची तिरकी, १५ ते ३० अंशात.

सगळ्यात मोठी चूक होते ती धार लावताना. विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड, वखराची पास, काहीही असो, मशीनला जी चकती लावलेली आहे तिच्याच पोटावर धरायचं आणि धार काढायची. मशीनला असते कटिंगची चकती. तिचा सगळा जीव कडेत. बाजूने दाब सोसायला ती बनवलेलीच नाही. मधली जाळी वाकते, बारीक भेग पडते. ती भेग त्या वेळी दिसत नाही. पुढच्या आठवड्यात दुसराच कुणी त्याच चकतीने अँगल कापायला बसतो आणि चकती फुटते ती त्याच्या तोंडावर. म्हणून कटिंगच्या चकतीने एकदा जरी घासलं असेल तरी ती फेकून द्या. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे.

धारेसाठी फ्लॅप डिस्क घ्या, म्हणजे सँडपेपरच्या पाकळ्या एकावर एक चिकटवलेली चकती. ६० किंवा ८० नंबरची. ती माल कमी खाते, हात हलका राहतो. धार नेहमी अशी धरायची की चकती धारेवरून बाहेर जाईल, धारेत घुसणार नाही. पात्याचा रंग निळा पडू लागला की थांबा आणि पाण्यात बुडवा. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी गेलं. मग कितीही धार लावा, दोन दिवसांत बोथट.

कोणत्या कामाला कोणती

चौकोनी पाइप, पत्रा, बारीक सळई, पातळ अँगल यांना १ किंवा १.२ मिलिमीटरची पातळ चकती. लवकर कापते, ठिणगी कमी, मशीनला ताण कमी. पण ती नाजूक असते, हात जरा वाकडा झाला की तुटते. नवशिक्याने आणि जाड, गंजलेल्या मालाला २.५ किंवा ३ मिलिमीटरची घ्यावी. जुन्या कल्टीव्हेटरचे दांडे, ट्रॉलीची चॅनल, रोटाव्हेटरचे गंजून बसलेले बोल्ट, हे तिचं काम. वेल्डिंगचा टाका सपाट करायला जाड घासायची चकती, आणि रंग देण्याआधी साफ करायला फ्लॅप डिस्क किंवा वायर ब्रश. वायर ब्रशचे तुटलेले तार सुईसारखे उडतात, चष्म्याशिवाय हात लावू नका.

अॅल्युमिनियम मऊ असतं. ते चकतीच्या दाण्यात जाऊन बसतं, चकती गुळगुळीत होते, मग माणूस जोर लावतो आणि चकती तापते. त्यासाठी वेगळी चकती येते, नाहीतर हॅकसॉ बरा. तुषार सिंचनाचे एचडीपीई पाइप आणि पीव्हीसी पाइप यांना ग्रायंडर लावायची गरजच नाही. प्लास्टिक वितळून चकतीला चिकटतं. साध्या करवतीने दोन मिनिटांत काम होतं आणि तोंडही सरळ येतं.

शहाबादी फरशी, कडप्पा, टाइल, काँक्रीट यांना हिऱ्याचं पातं. त्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, मशीनवरही असतो. दोन्ही जुळवून बसवा. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, म्हणून तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, मास्क लागतो. मार्बल कटर असेल तर पाणी सोडून कापा. साध्या ग्रायंडरवर मात्र पाणी टाकू नका, शॉक बसेल. आणि गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे ग्रायंडरने कापूच नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याच्या धुळीने कर्करोग होतो. छपराला मापाचे पत्रेच आणावेत.

दातेरी पातं

लाकूड कापायचं दातेरी गोल पातं ग्रायंडरला लावून बाभळीच्या फांद्या तोडणारे आता जागोजागी दिसतात. दुकानातही ही चार इंची पाती मिळतात, भोकही जुळतं, त्यामुळे ती ग्रायंडरसाठीच आहेत असं वाटतं. लाकडाच्या कटरला खाली सपाट तळ असतो, झाकण असतं, तो लाकडावर टेकून सरळ चालतो. ग्रायंडरला यातलं काही नाही. दाता गाठीत अडकला की मशीन हातातून उडतं, आणि उडतं ते माणसाच्या दिशेने. लोखंडाची चकती अडकली तर निदान ती तुटते. दातेरी पातं तुटत नाही, ते कापत जातं. फांद्यांना कुऱ्हाड आहे, करवत आहे. ग्रायंडर नको.

बसवायची रीत

पहिलं काम, पिन बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, चकती बदलताना बोट बटणावर जातंच.

जुनी चकती काढायला मशीनच्या डोक्यावरचं लॉक बटण दाबून धरा आणि दोन टोकांच्या पान्याने नट सोडवा. लॉक बटण चकती पूर्ण थांबल्यावरच दाबायचं. फिरत्या चकतीवर दाबलं तर आतला गिअर खराब होतो. पाना हरवला म्हणून छिन्नी-हातोड्याने नट फिरवणारे खूप आहेत. नटाची कड फुटते, मग तो सरळ बसत नाही. पाना मशीनच्या वायरला बांधून ठेवा, हरवत नाही.

आतली वाटी, म्हणजे चकतीच्या मागे बसणारी फ्लँज, काढून पुसा. तिच्यावर धूळ, वेल्डिंगचा खडा, गंज काहीही राहिलं की चकती तिरकी बसते. परत बसवताना ती दांड्याच्या सपाट कडांवर नीट घट्ट बसली का ते फिरवून बघा.

मग चकती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघा. कड उडालेली, भेग, ओला डाग, वाकलेली, यातलं काही असेल तर बाजूला टाका. सहाणेचा दगड वाजवून बघतात तशी ही चकती वाजवून उपयोग नाही. ती चांगली असली तरी खणखणत नाही, बद्दच वाजते. इथे डोळ्यांवरच भरवसा.

चकती वाटीच्या खांद्यावर अलगद बसली पाहिजे. जोर लावावा लागला किंवा ढिली वाटली तर माप चुकलं. मधे खोलगट असलेली चकती असेल तर खळगा बाहेरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे नट त्यात बसतो आणि घासताना मालाला लागत नाही.

आता नटाची बाजू. याची माहिती दुकानातले लोकही देत नाहीत. नटाला एक बाजू सपाट आणि एक बाजू उंचवट्याची असते. जाड चकतीला उंचवटा आत, चकतीकडे. पातळ कटिंगच्या चकतीला उलटं, सपाट बाजू चकतीकडे आणि उंचवटा बाहेर. पातळ चकतीला उंचवटा आत ठेवला तर तो मागच्या वाटीला जाऊन टेकतो. आपल्याला वाटतं नट घट्ट झाला, पण चकती मधे मोकळीच. कापायला लागलं की ती घसरते, गरम होते आणि तुटते. म्हणून नट आवळल्यावर चकती बोटांनी धरून हलवून बघा. जराही सरकली तर नट उलटा लागला आहे.

आवळायचा तो हाताने, आणि शेवटी पान्याने थोडासा. मशीन फिरताना नट आपोआप घट्ट होत जातो, त्यामुळे पान्यावर लटकायची गरज नाही. जास्त आवळलं तर चकतीलाच भेग पडू शकते.

गार्ड बसवा. तो चकती आणि माणूस यांच्या मधे आला पाहिजे. कापायच्या कामाला जास्त झाकणारा गार्ड मिळतो, तो असला तर उत्तम. बाजूची मूठ लावा. डावखुऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूला आटे दिलेले असतात. पिन लावायच्या आधी चकती हाताने एक फेरा फिरवा, कुठे घासत नाही ना बघा. नंतर मशीन तोंडापासून दूर, बाजूला धरून मिनिटभर रिकामं चालवा. थरथरलं किंवा आवाज बदलला तर लगेच बंद करा. नवी चकती फुटायची असेल तर बहुतेक वेळा याच मिनिटात फुटते. मशीन हातातून खाली पडलं असेल तरी हेच सगळं पुन्हा करायचं, आधी चकती काढून बघायची.

कापताना चकती का अडकते

पाइप दोन विटांवर ठेवला आणि मधोमध कापायला घेतला की शेवटी-शेवटी पाइप वाकतो, वरची फट मिटते आणि चकती चिमटीत सापडते. त्याच क्षणी मशीन झटका मारतं. म्हणून कापायचा भाग आधाराच्या बाहेर लटकता ठेवा. कापत गेलं की तो खाली झुकतो, फट उघडत जाते, चकती मोकळी राहते. लांब पाइप असेल तर कापायच्या जागेजवळच आधार द्या.

चपलेचा पाय देऊन अँगल दाबायचा आणि ग्रायंडर चालवायचा, ही आपली सगळीकडची पद्धत. त्याऐवजी सी-क्लॅम्प आणा, एकदाच खर्च. चकतीच्या सरळ रेषेत उभं राहू नका, थोडं बाजूला. चकती मालात ठेवून बटण दाबू नका, पूर्ण वेग आल्यावर टेकवा. जोर लावून कापायचं नसतं, मशीनच्या वजनाने कापू द्या. व्होल्टेज कमी असेल तर फेरे पडतात आणि माणूस आपोआप जोर लावतो. अशा वेळी काम थांबवलेलं बरं.

लाइट गेली तर

आपल्याकडचा खास धोका हा. ग्रायंडरचं सरकतं बटण पुढे ढकललं की अडकून राहतं. काम चालू असताना लाइट जाते. माणूस मशीन तसंच खाली ठेवतो, पाणी प्यायला जातो. तासाभराने लाइट येते आणि मशीन जमिनीवर आपोआप चालू होतं, नाचायला लागतं. जवळ लेकरं असली तर विचारच नको. लाइट गेली की पहिल्यांदा बटण मागे घ्यायचं, मग पिन काढायची. काही महाग मशीनमध्ये लाइट आल्यावर ते आपोआप सुरू होऊ नये अशी सोय असते. आपल्या भागात तिला दोन पैसे जास्त द्यावेत असं माझं मत आहे.

मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर त्याला अर्थिंगची तार नसते, म्हणून पिन दोन टोकांचीच येते. पण वायर सोललेली असेल किंवा ओल्या जमिनीवर उभे असाल तर हे चिन्ह वाचवत नाही.

ठिणगी कुठे जाते

ठिणग्या काही मीटर लांब जातात आणि विझल्यासारख्या दिसल्या तरी गरम असतात. कडब्याची गंज, पऱ्हाटीचा ढीग, घरात साठवलेला कापूस, सोयाबीनचं भुसकट, यांच्या आसपास काम काढू नका. कापूस आतल्या आत धुमसतो आणि आग दोन-तीन तासांनीही वर येते, म्हणून काम संपल्यावर जागा पुन्हा एकदा जाऊन बघा. बादलीभर पाणी जवळ असू द्या. ट्रॅक्टरवर काम असेल तर आधी बॅटरीची तार काढा आणि डिझेलची टाकी ओल्या गोणपाटाने झाका.

आणि बंद ड्रम. जनावरांना पाणी प्यायला दोनशे लिटरचा ड्रम उभा कापायची आपल्याकडे रीत आहे. डिझेल, ऑइल, थिनर, औषध, कशाचाही ड्रम असो, धुतला तरी त्याच्या कडेच्या दुमडीत थोडं राहतंच, आणि आत वाफ साठते. ठिणगी आत गेली की ड्रमचा बॉम्ब होतो. त्याला ग्रायंडर लावू नका. कापलेले ड्रम भंगारवाल्याकडे तयार मिळतात.

डोळे, कपडे आणि जखम

साधा नंबरचा चश्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल लागतो. गळ्यातलं उपरणं, टॉवेल, सैल बाह्या, पदर, सगळं काढा किंवा खोचा. सुती ढिले हातमोजे तर नकोच, धागा चकतीत अडकून हात ओढला जातो.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. गावात कुणीतरी काडीने, रुमालाच्या टोकाने काढून देणारा असतो, त्याच्याकडे जाऊ नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. लोखंडाचा कण बुबुळात राहिला तर त्याच्याभोवती गंज धरतो.

चकती लागून कापलं तर स्वच्छ कापड घडी करून घट्ट दाबून धरा आणि तो भाग वर ठेवा. हळद, चुना, राख, ग्रीस काही लावू नका. तुकडा आत घुसलेला असेल तर तो ओढून काढायचा नाही, त्याच्या बाजूने दाबायचं. १०८ ला फोन करा. दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

ठेवायच्या कुठे

चकत्या कोरड्या जागी, सपाट ठेवा. खताच्या खोलीत नको, तिथे ओल असते. ट्रॅक्टरच्या टूल बॉक्समध्ये पान्यांखाली तर मुळीच नको, वाकतात आणि डिझेल लागतं. जुन्या पोळीच्या डब्यात झाकण लावून ठेवल्या तरी पुरे. पावसाळ्यात लागतील तेवढ्याच आणा. पन्नासचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि तीन वर्षं संपला नाही, तर तो स्वस्त पडला नाही.

मुदत संपलेली, भेग पडलेली किंवा एकदा बाजूने घासलेली चकती नुसती उकिरड्यावर टाकू नका. कुणीतरी उचलून पुन्हा मशीनला लावतं. दोन तुकडे करा आणि मग टाका.